करपला धागा आणि पालीचं अंडं

पालीला वास आला.

हुंग हुंग. हुंग हुंग.

कसला गं हा वास? उदबत्तीचा? नाही. धुपाचा? नाही. फोडणीचा? छे, फोडणीचाही नाही.

करपल्याचा वास!

पाल दचकली. ती फार दचकायची. भांडं पडलं, दचकली. कुकरची शिट्टी झाली, दचकली. एवढीशी तर होती. तुझ्या करंगळीएवढी. भिंतीवर देवीची तसबीर होती ना, तिच्यामागे राहायची.

तसबिरीमागे तिचं अंडं होतं. पांढरं, गोल. खडीसाखरेसारखं.

आधी दोन होती.

एक कालच गेलं. नवरात्र येणार म्हणून आईने घर झाडलं. जळमटं काढली. तसबिरीमागे झाडू फिरवला. सर्र सर्र, सर्र सर्र. एक अंडं खाली पडलं. आईला वाटलं, खडीसाखरेचा खडा. केरात गेलं.

पाल भिंतीवरून बघत होती. तिला "थांब" म्हणता आलं नाही. माणसांशी बोलायला पालीकडे एकच बोलणं असतं.

"चुक चुक," ती म्हणाली. "चुक चुक. चुक चुक."

अंडं परत आलं नाही.

म्हणून आता एकच. एकुलतं.

हुंग हुंग. पालीने तसबिरीआडून खाली पाहिलं.

खाली पाट. पाटावर घट. घटाशेजारी दिवा. पितळेचा, मोठा. हा दिवा नवरात्रभर विझू द्यायचा नसतो. आईने त्यात तेल घातलं होतं. वात पुढे केली होती. आणि वारा लागू नये म्हणून जवळच पडदा बांधला होता. नवा, सुती. पिवळ्या झालरीचा.

झालर हलली. फुर्र.

ज्योत वाकली. लप्प.

एक धागा करपला.

धाग्याच्या टोकाला लाल ठिपका. मोहरीएवढा. ठिपक्यातून धूर. केसाएवढा. धूर वर चढला. तसबिरीपाशी आला.

"अगं बाई! माझं अंडं!"

अंडं उचलून न्यावं? पालीला अंडं उचलता येत नाही. हात इवले, भिंत उभी.

आईला सांगावं? आई खाली चटईवर झोपली होती. दुपार होती. आईचा उपास होता. सकाळपासून उभी होती, दमली होती. तिच्या कुशीत जाई. जाई म्हणजे आईची लेक. अंगठा तोंडात, डोळे गच्च.

आणि कोपऱ्यात झाडू.

झाडू! नको गं बाई!

आईला पालीची भीती. पालीला आईची भीती. पाल दिसली की आई किंचाळायची. आई किंचाळली की पाल पळायची.

"मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते," पाल म्हणाली. "एवढं मोठं घर आहे. कुणीतरी ऐकेलच."

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

पाल दिव्यापाशी आली.

"दिवाकाका, दिवाकाका, जरा मागे सरा ना!
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

दिवा ताठ बसला होता. मान तेवढी वाकडी.

"मी? मी अखंड दिवा," दिवा म्हणाला. "मला हलायचं नाही. मला हलवायचं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे हो काका. पण तुमची ज्योत झालरीला लागते."

"लागणारच! हा वारा ढकलतो ना मला. मी नाही बाई! आधी वारा थांबू दे, मग मी सरळ होईन."

लप्प. ज्योत पुन्हा वाकली.

ठिपका मोठा झाला. आता डाळिंबाच्या दाण्याएवढा.

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

पाल वाऱ्यापाशी आली.

"वारादादा, वारादादा, जरासा तू थांब ना!
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

"हूऽऽऽ!" वारा हसला. पाल भिंतीला घट्ट चिकटली.

"अरे, हळू ना! उडीन मी."

"मी काय केलं?" वारा म्हणाला. "मी आलो. मी गेलो. कॅलेंडर फडफडवलं. जाईचं जावळ उडवलं. खिडकी उघडी होती, म्हणून आलो. उघड्या खिडकीतून कोण येत नाही, सांग?"

"पण तिकडे जळतंय रे!"

"हूऽऽऽ! मी नाही बाई! आधी खिडकी लागू दे, मग मी थांबेन."

आणि वाऱ्याने जाता जाता ठिपक्यावर फुंकर घातली. गंमत म्हणून.

ठिपका लालेलाल झाला. आता टिकलीएवढा.

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

पाल खिडकीपाशी आली.

"खिडकीताई, खिडकीताई, पटकन तू लाग ना!
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

"कर्रर्र," खिडकी म्हणाली. तिचे सांधे दुखत होते.

"मला का हौस आहे उघडी राहायची?" ती म्हणाली. "ऊन येतं, धूळ येते, मेले डास येतात. पण बघ, मला दोरीनं बांधलंय. गजाला. मी आपटले की जाई उठते ना, म्हणून आईने बांधलंय."

"जरा ओढून बघ ना गं."

खिडकीने ओढून पाहिलं. कर्र. नाही. कर्रर्र. नाहीच.

"मी नाही बाई! आधी दोरी तुटू दे, मग मी लागेन."

पालीने मागे वळून पाहिलं. धूर आता दोऱ्याएवढा झाला होता. तसबिरीची काच काळसर झाली होती.

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

पाल दोरीपाशी आली.

"दोरीवहिनी, दोरीवहिनी, झटकन तू तूट ना!
खिडकी काही लागेना,
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

दोरीला राग आला.

"तूट? तूट म्हणतेस मला? बरी आहेस की! उद्या मी म्हटलं, तुझं शेपूट तुटू दे, तर चालेल का?"

"चालेल," पाल हळूच म्हणाली. "शेपूट परत येतं, वहिनी. अंडं येत नाही."

दोरी जरा नरमली. पण सुटली नाही.

"निरगाठ आहे गं माझी," ती म्हणाली. "आपली आपण सुटत नाही. मी नाही बाई! आधी उंदीर येऊ दे, मला कुरतडू दे, मग मी तुटेन."

ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. बोराएवढा झाला होता.

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

खिडकीखाली बीळ होतं. बिळात उंदीर. पाल बिळापाशी आली.

"उंदीरभाऊ, उंदीरभाऊ, बाहेर जरा ये ना!
दोरी काही तुटेना,
खिडकी काही लागेना,
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

"शूऽऽऽ!" आतून आवाज आला. दोन मिशा बाहेर आल्या, आत गेल्या.

"हळू बोल! वात आणलीस का? तेलाची वात? तेलकट, चविष्ट?"

"वात नाही रे. आणि वातीला तोंड लावू नकोस बाबा. पेटती वात ओढशील, घरभर आग नेशील."

"मग कशाला आलीस?"

"दोरी कुरतड ना. एवढीशी तर आहे."

"दोरी मी आत्ता कुरतडली असती," उंदीर म्हणाला. "कुर्र कुर्र, संपली. पण दाराबाहेर बघ. कोण बसलंय?"

पालीने पाहिलं. बिळासमोर पांढरी मनी. शेपटी गुंडाळून, मिटल्या डोळ्यांनी.

"झोपलीय," पाल म्हणाली.

"झोपलीय म्हणे! माझी थोरली बहीण असंच म्हणाली होती."

उंदराने मिशाही आत ओढून घेतल्या.

"मी नाही बाई! आधी मनी हलू दे, मग मी बाहेर येईन."

मनीपाशी जायचं? मनी पालीही खाते.

पण वर अंडं होतं. एकटं. त्याच्याभोवती धूर होता.

सुर्र... थांब. सुर्र... थांब.

पाल मनीपाशी आली. फार जवळ नाही. जरा लांब.

"मनीमावशी, मनीमावशी, जागची जरा हल ना!
उंदीर बाहेर येईना,
दोरी काही तुटेना,
खिडकी काही लागेना,
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

मनीने एक डोळा उघडला. हिरवा.

"हं," ती म्हणाली. "पाल का गं तू? चालत आलीस? आपल्या पायांनी?"

"हो, मावशी."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. फार वाटते."

मनीने दुसराही डोळा उघडला. पंजा उचलला. पालीने डोळे मिटले. पळाली मात्र नाही.

मनीने पंजा चाटला आणि खाली ठेवला.

"जा. आज उपासाचं घर आहे, म्हणून सोडलं. सकाळपासून मलाही कुणी विचारलं नाही. साबुदाण्याची खिचडी काय मांजरांनी खायची? दूध तेवढं आहे, तर त्यावर झाकण. मी नाही बाई! आधी दूध सांडू दे, मग मी हलेन."

पाल स्वयंपाकघराकडे धावली. मागे पडदा सूं सूं करत होता. झालर आता पुरीएवढी काळी झाली होती. काळ्याची कड लाल होती.

सुर्र सुर्र, थांब. सुर्र सुर्र, थांब.

ओट्यावर पातेलं. पातेल्यात दूध. दुधावर झाकण. पाल पातेल्यापाशी आली.

"दूधआत्या, दूधआत्या, थोडंसं तू सांड ना!
मनी जागची हलेना,
उंदीर बाहेर येईना,
दोरी काही तुटेना,
खिडकी काही लागेना,
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

"कोण आहे?" झाकणाखालून आवाज आला. जाड, सायीतला.

"मी. पाल."

"पाल? दूर हो गं बाई! दुधात पडशील. मग दूधही गेलं, तूही गेलीस."

"नाही पडत. तू सांड ना, आत्या."

"अगं, कशी सांडू? वर झाकण. झाकणावर वाटी. मनीनं तोंड घालू नये म्हणून. मी नाही बाई! आधी आई उठू दे, झाकण निघू दे, मग मी सांडेन."

आई!

पाल ओट्यावर मटकन बसली.

दिव्याला सांगून झालं. वाऱ्याला सांगून झालं. खिडकीला, दोरीला, उंदराला, मनीलासुद्धा सांगून झालं. आता दूधही म्हणालं, आई.

आईकडे झाडू आहे.

कालचा झाडू पालीला आठवला. सर्र सर्र. तिने डोळे मिटले. तिला रडायचं होतं. पण पालीला रडता येत नाही. पालीचे डोळे कोरडे असतात. म्हणून ती नुसती बसली. एक क्षण. फक्त एक.

मग उठली.

सुर्र सुर्र सुर्र सुर्र. आता थांब नाही.

पाल आईपाशी आली. आईच्या कानापाशी.

"आई गं, आई गं, एकदाची तू ऊठ ना!
दूध काही सांडेना,
मनी जागची हलेना,
उंदीर बाहेर येईना,
दोरी काही तुटेना,
खिडकी काही लागेना,
वारा काही थांबेना,
दिवा सरळ होईना,
धूर काही विरेना,
अंडं माझं एकुलतं, कुणी त्याला राखेना!"

एवढं सगळं म्हणाली. पण आईला काय ऐकू आलं?

"चुक चुक."

आईने डोळे उघडले नाहीत. झोपेतच हात बाहेर काढला. जमिनीवर बोटं वाजवली. टक टक टक.

"कृष्ण कृष्ण," आई पुटपुटली. आणि कुशीवर वळली.

पाल बोलली की घरातले सगळे असंच करायचे. टक टक टक, कृष्ण कृष्ण. आई करायची, बाबा करायचे. शेजारच्या काकू आल्या की त्याही करायच्या. पाल काय म्हणते, ते कुणी विचारायचं नाही.

"चुक चुक!"

टक टक. "कृष्ण कृष्ण."

"चुक चुक! चुक चुक! चुक चुक!"

टक.

आई घोरायला लागली.

तिकडे पडदा म्हणाला, तड्.

आता पालीने काय करावं? तूच सांग बरं.

आईचा हात चटईवर पसरला होता. तळवा वर. पालीने त्या हाताकडे पाहिलं. पाय मागे गेले. पुढे आले. मागे गेले. पुढे आले.

आणि पाल आईच्या तळव्यावर चढली. थंडगार, मऊमऊ.

"ईऽऽऽ! पाऽऽल!"

आई उठली! ताडकन उठली! जाई उठली, भोकाड पसरलं. आईने झाडू घेतला. सप्प!

पालीचं शेपूट तुटलं. वळवळ, वळवळ, जमिनीवर.

दुखलं. खूप दुखलं.

पाल अंधारात पळाली नाही. कपाटाखाली गेली नाही. फळीमागे गेली नाही. धुराकडे पळाली. भिंतीवर चढली, थांबली, वळून आईकडे पाहिलं.

"चुक चुक."

"हड्! जा! मेली अंगावर चढते!" आईने झाडू पुन्हा उगारला. दोन पावलं पुढे आली.

आणि आईच्या नाकाला कळलं.

हुंग हुंग.

"काय गं करपतंय?"

आईने पडदा पाहिला. भक्क! काळ्या झालरीतून जाळ निघाला. पिवळा. जीभ काढल्यासारखा.

"अगं बाई गं!"

झाडू गळाला. आईने आधी जाईला उचललं. धावत दाराबाहेर नेलं. पायरीवर बसवलं.

"इथंच बस हं, जाई. आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"बशू," जाई म्हणाली. नाक पुसलं, आणि खरंच बसली.

आई स्वयंपाकघरात धावली. ओट्यावरची कळशी उचलली. कळशी पातेल्याला लागली. ठण्ण! वाटी पडली. झाकण पडलं.

झाकण पडलं, तसं दूध सांडलं. भळ भळ भळ.

दूध सांडलं, तशी मनी हलली. टुण्णकन उडी मारून ओट्याखाली. लप लप लप.

मनी हलली, तसा उंदीर बाहेर आला. "आलो, आलो! बोललो होतो ना?"

उंदीर बाहेर आला, तशी दोरी तुटली. कुर्र कुर्र कुर्र, तट्!

दोरी तुटली, तशी खिडकी लागली. कर्रर्र, धाड!

खिडकी लागली, तसा वारा थांबला. हूऽऽ... हू... चूप.

वारा थांबला, तसा दिवा सरळ झाला.

आणि आईने पडद्यावर कळशी ओतली. चर्रर्रर्र! पुन्हा भरली. पुन्हा ओतली. चर्रर्र. पुन्हा. चर्र.

जाळ गेला. धूर विरला.

आईने दिवा दोन्ही हातांनी उचलला. हळूच. मोठ्या परातीत ठेवला. परात खोलीच्या मधोमध, मोकळ्या फरशीवर. शेजारी पडदा नाही, चटई नाही, काही नाही. ज्योत हलली नाही. देवी रागावली नाही.

घर ओलं झालं होतं. काळं झालं होतं.

"मी तर सरळ झालो," दिवा म्हणाला. खाली मान घालून.

"मी तर थांबलो," वारा बाहेरून म्हणाला.

"मी तर लागले," खिडकी म्हणाली.

खरंच होतं ते. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. पण पडदा अर्धा गेला होता, आणि पालीचं शेपूट जमिनीवर पडलं होतं. आता ते वळवळतही नव्हतं.

आई ओल्या जमिनीवर बसली.

"दिव्याला वारा लागू नये म्हणून पडदा लावला," ती स्वतःशीच म्हणाली. "जाई उठू नये म्हणून खिडकी बांधली. सगळं जपूनच केलं होतं गं मी. आणि दिवा पेटता ठेवून झोपले."

तिला हुंदका आला.

पाल कुठे होती?

पाल वर होती. धापा टाकत, तसबिरीमागे गेली होती. अंडं होतं! काजळी लागलेलं, पण अख्खं होतं. पालीने त्याला हनुवटी टेकवली.

तेवढ्यात, तट्.

तसबिरीची सुतळी आगीने अर्धी जळली होती. ती तुटली. एका बाजूने. तसबीर वाकडी झाली.

अंडं घरंगळलं.

पाल आडवी झाली. पायांनी अडवलं. पण शेपूट नव्हतं ना आता, तोल जाणारच! पाय घसरले. अंडं कडेला आलं. अगदी कडेला. खाली फरशी. ओली, कडक.

पालीने घर पाहिलं. दिवा खाली होता. वारा बाहेर होता. मनी दूध पीत होती. उंदीर बिळात गेला होता. कुणाला सांगायचं? वेळच नव्हता.

"चुक चुक!"

आईने मान वर केली.

या वेळी तिने बोटं वाजवली नाहीत. कृष्ण कृष्ण म्हटलं नाही. डोळे पुसले आणि नीट पाहिलं. वाकडी तसबीर. बिनशेपटीची पाल. पालीच्या पायांत काहीतरी पांढरं, गोल.

"अगं... तुझं पिल्लू आहे का ते?"

"चुक चुक! चुक चुक!"

आई उठली. पालीची भीती गेली नव्हती. अशी एकदम जाते का कुठे भीती? पण हात पुढे आले. दोन्ही. त्यांची ओंजळ झाली.

अंडं सुटलं.

टप्.

पालीने डोळे गच्च मिटले. उघडायचा धीर होईना. अंधारातूनच तिने विचारलं. हळू, अगदी हळू.

"चुक चुक?"

"आहे गं, आहे," आई म्हणाली. "माझ्या हातात आहे. बघ."